‘भार उचलायचा नाही’ म्हणजे नेमकं किती? बायपासनंतर घरी आल्यावर

अप्पांना डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी सिस्टरनं जाता जाता बजावलं, “भार एत्तब्याड्री, अज्जा.” ओझं उचलू नका. अप्पांनी मान हलवली. आम्हा सगळ्यांना एवढं कानडी समजतंच. घरी आल्यावर चौथ्या दिवशी पहाटे नळाखालची भरलेली कळशी घेऊन ते स्वयंपाकघरात निघालेले आईला सापडले. आई ओरडली तर म्हणाले, “ह्यो काय भार हाय? कळशी तर हाय.” ज्या माणसानं जन्मभर भाताची पोती पाठीवर वाहिली, त्याच्या हिशेबात कळशी ओझ्यात धरतच नाहीत. अडचण भाषेची नव्हती. किलोचा आकडा विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि यात मीही आलो. माझं तर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मेडिकल दुकान आहे.

दुकानात दर आठवड्याला कुणीतरी डिस्चार्ज कार्ड घेऊन येतं. कार्ड इंग्रजीत, तोंडी सूचना कानडीत आणि घरच्यांच्या मनातले प्रश्न मराठीत. गोळ्या दिल्या तरी माणूस काउंटरवरून हलत नाही. म्हणून जे रोज तुकड्या-तुकड्यांनी सांगतो ते एकदा सलग लिहून काढतो. मी डॉक्टर नाही. तुमच्या कार्डावर यापेक्षा वेगळं काही लिहिलं असेल, तर कार्डच खरं धरा.

आधी एक गैरसमज काढू. पेशंट घरी येतो तेव्हा सगळ्या घराचा जीव त्याच्या हृदयात अडकलेला असतो. जिना चढू नका, मोठ्यानं बोलू नका, टीव्हीवर मारामारी बघू नका. खरं तर बायपासमध्ये हृदयाचंच काम झालेलं असतं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आतून चरबी साठून अरुंद होतात. त्या अडथळ्याच्या पुढे दुसरी रक्तवाहिनी जोडून रक्ताला वळणरस्ता काढून देतात. पायातली शीर वापरून हे ऑपरेशन रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननं अमेरिकेत 1967 मध्ये रूढ केलं. भारतात 1975 मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासमध्ये पहिली बायपास केली. म्हणजे हे आता जुनं, हात बसलेलं काम आहे. जोडणी झाली की रक्त त्याच दिवसापासून वाहायला लागतं. घरी आलेल्या माणसाचं हृदय बहुतेक वेळा महिनाभरापूर्वीपेक्षा चांगल्या स्थितीत असतं.

मोडलेलं असतं ते हाड. हृदयापर्यंत पोचायला छातीच्या मधलं उभं हाड करवतीनं वरपासून खालपर्यंत कापावं लागतं. काम झालं की दोन्ही फाळ्या जवळ आणून पोलादी तारांनी आवळतात, पोत्याचं तोंड सुतळीनं शिवावं तशा. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत मिळून येते आणि जखम बरी दिसायला लागते. फसायला होतं ते इथेच. आतलं हाड बऱ्यापैकी धरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पक्कं व्हायला तीन महिन्यांच्या आसपास. पाय मोडला तर प्लास्टर घालून तो हलू देत नाहीत. छातीला प्लास्टर घालता येत नाही, कारण प्रत्येक श्वासाला ती हलते. त्यामुळे प्लास्टरचं काम आपल्या वागण्यानं करायचं.

हातांनी ओढलं, ढकललं किंवा उचललं की छातीचे मोठे स्नायू ताणले जातात. हे स्नायू त्याच हाडाला धरलेले असतात. दोन्ही फाळ्या दोन दिशांना ओढल्या जातात आणि मध्ये तारा तेवढ्या राहतात. वजनाबद्दल हॉस्पिटलागणिक आकडा थोडा वेगळा सांगतात, पण पहिल्या दीड-दोन महिन्यांत दोन ते चार किलो ही सर्वसाधारण हद्द आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दुधाची किटली अर्धी असेल तर चालेल. भरलेली कळशी दहा किलोच्या पुढे जाते, बादली त्याहून जड. घरगुती सिलिंडरमधला गॅसच 14.2 किलो, टाकीचं वजन वेगळं. आणि नातू? तो पळत येऊन मिठी मारणार. त्याला उचलायचं नाही, आपण खुर्चीत बसून त्याला शेजारी घ्यायचं.

उचलणं सगळ्यांना कळतं, ओढणं मात्र लक्षात येत नाही. शटर वर करणं, म्हैस पिळणं, गाडीला किक मारताना हँडल आवळणं, अडकलेली खिडकी ढकलणं, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग फिरवणं, दावं ओढणाऱ्या जनावराला आवरणं, हे सगळं हाडावरच येतं. सगळ्यात धोक्याचं काम तर रोज पहाटेचं असतं. उकिडवं बसायच्या संडासातून उठताना माणूस नकळत नळाला नाहीतर दाराच्या कडीला धरून अंग वर ओढतो. तीन महिन्यांपुरती कमोडची खुर्ची आणा. मेडिकलमध्ये मिळते, अनेकदा भाड्यानंही मिळते. यात लाजायचं काही नाही. अप्पा लाजले होते, मग दोन दिवसांत तिच्यावर बसून पेपर वाचायला लागले.

अंथरुणातून सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळा, पाय काठावरून खाली सोडा आणि पायांच्या वजनानं अंग उभं होऊ द्या. कोपराचा आधार हलकाच घ्या. झोळ पडलेली बाज असेल तर यातलं काही जमत नाही, म्हणून दीड-दोन महिने घट्ट गादीचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा पलंग हवा. घरच्यांनीही पेशंटला हाताला धरून ओढून उठवायचं नाही. प्रेमानं ओढलं तरी हाडावर ताण तेवढाच येतो. खोकला किंवा शिंक आली की छोटी उशी छातीशी घट्ट धरायची. ही उशी तीन महिने बरोबरच ठेवायची, गाडीतसुद्धा. आमच्याकडच्या रस्त्यांवर तर ठेवायचीच. कार चालवणं किमान चार ते सहा आठवडे बंद. दुचाकीला त्याहून जास्त दिवस लागतात. मागच्या सीटवर बसणंही तितकंच वाईट, कारण खड्डा आला की माणूस पुढच्याला घट्ट धरतो.

बायकांसाठी एक गोष्ट, जी वॉर्डात सगळ्यांसमोर कुणी बोलत नाही. स्तनांचं वजन जखमेला दोन्ही बाजूंना ओढतं. म्हणून पुढून लावायची, मऊ, पण आधार देणारी ब्रेसियर दिवसा वापरावी, शक्य असेल तर रात्रीही. “जखम हाय, मोकळं राहू दे” असं सासू सांगते, आणि दुखणं वाढतं ते त्यानंच.

छातीत हलताना ‘कट्’ असा आवाज येत असेल, फाळ्या एकमेकींवर सरकल्यासारख्या वाटत असतील, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला फोन करा. जखमेतून पाणी किंवा पू, भोवती वाढत जाणारा लालपणा, 100.4 च्या वर ताप, यालाही तोच नियम. साखरेच्या पेशंटना हा धोका जास्त असतो. त्यांच्या बाबतीत हाड सांधण्याची अर्धी लढाई ग्लुकोमीटरवर चालते. जखमेला हळद, तेल, राख, गावातलं कसलंही मलम लावू नका. साबण-पाण्यानं हलकी अंघोळ आणि कोरड्या पंच्यानं टिपून घेणं पुरे.

आता पायाचं बघू. जोडणीची शीर पायातून काढलेली असेल तर तो पाय सुजतो, घोट्याजवळ बधिर वाटतं आणि कधी कधी छातीपेक्षा तोच जास्त ठणकतो. बसताना पाय स्टुलावर उंच ठेवायचा, मांडी घालून तासन्‌तास बसायचं नाही. जोडणीसाठी छातीच्या आतली डाव्या बाजूची धमनी वापरलेली असेल, तर डावी छाती कित्येक महिने बधिर राहते किंवा मुंग्या आल्यासारखी होते. पुष्कळ जण याला पुन्हा अटॅक समजून घाबरतात. कूस बदलताना, खोकताना, बोटानं दाबल्यावर दुखतं ते बहुधा जखमेचं. चालताना छातीवर दगड ठेवल्यासारखं जड होतं आणि थांबल्यावर कमी होतं, किंवा बसल्या जागी घाम फुटून दम लागतो, ते वेगळं. तिथे अंदाज बांधत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा.

हॉस्पिटलमधून येताना एक प्लॅस्टिकचं खेळणं बरोबर देतात, तीन नळ्यांत तीन रंगीत गोळ्यांचं. ऑपरेशनच्या वेळी, विशेषतः हृदयाचं काम यंत्रावर सोपवलेलं असतं तेव्हा, फुप्फुसं मिटलेली असतात. नंतर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो आणि फुप्फुसाचा खालचा भाग उघडतच नाही. तिथे कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. ते खेळणं यासाठी आहे. जागेपणी तासातासाला आठ-दहा वेळा. पण त्यात फुंकायचं नसतं! श्वास आत ओढायचा असतो. दहातले निम्मे लोक माझ्यासमोर फुंकून दाखवतात आणि गोळी का हलत नाही म्हणून तक्रार करतात. उरलेल्यांच्या घरी त्याच्याशी नातवंडं खेळत असतात.

चालणं पहिल्या दिवसापासून. सुरुवातीला पाच-पाच मिनिटं दिवसातून तीन-चार वेळा, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत, महिना-दीड महिन्यात सलग अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा. जेवून लगेच नको, डिसेंबरातल्या पहाटेच्या थंडीत नको. आणि आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात ऑपरेशन झालं असेल तर सोप्यातच फेऱ्या माराव्या लागतात. अप्पांनी जोत्यावरून तुळशीपर्यंतचे अठ्ठावीस पाय मोजून ठेवले होते.

आता माझ्या धंद्याचं, म्हणजे गोळ्यांचं. हाड तीन महिन्यांत सांधतं, पण गोळ्यांचा विषय तिथून पुढेच सुरू होतो. बायपासनं वळणरस्ता दिला, पण नळ्या खराब करणारी प्रवृत्ती अंगात तशीच आहे. नव्या जोडण्याही त्यातून सुटत नाहीत. छातीतल्या धमनीची जोडणी दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांची चालू असते. पायातल्या शिरेच्या जोडण्या मात्र तेवढ्या काळात निम्म्याच्या आसपास बंद पडलेल्या किंवा खराब झालेल्या सापडतात. शीर ही मुळात कमी दाबाची नळी, तिला आपण धमनीच्या जागी जुंपलेलं असतं. ती टिकवायची तर ॲस्पिरिन (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून) आणि स्टॅटिन (चरबीसाठी) रोज लागतं. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्टॅटिन बंद करणारे भेटतात. तो रिपोर्ट नॉर्मल आलाय तो त्याच गोळीमुळे. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी तर एकदम कधीच थांबवायची नाही. हृदय उसळतं.

काउंटरवर मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक मात्र गोळी चुकवण्याची नाही, दुप्पट घेण्याची आहे. ऑपरेशनच्या आधीची ॲटोरव्हास्टॅटिनची पट्टी घरी शिल्लक असते. हॉस्पिटलनं दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या नावाची लिहून दिलेली असते. माणूस दोन्ही घेतो, कारण नावं वेगळी. त्यात भर म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (हेही गुठळी रोखणारंच) आणि स्टॅटिन एकत्र असलेली कॅप्सूलही मिळते. ती चालू असताना वेगळी ॲस्पिरिनही चालूच. मग हिरड्यांतून रक्त, काळी शौच. उपाय साधा आहे. घरातल्या झाडून सगळ्या पट्ट्या, साखरेच्या, बीपीच्या, गुडघ्याच्या, एका पिशवीत घालून कार्डासह आमच्यासारख्याकडे किंवा डॉक्टरांकडे आणा. पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव. ते बारीक नाव जुळवून बघायचं.

गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी मनानं घेऊ नका, गावातलं ‘कंबरेत मारायचं’ इंजेक्शनही नको. बायपासनंतर ही औषधं हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मापात. छातीत दुखल्यावर जिभेखाली धरायच्या सॉर्बिट्रेटची पट्टी खिशात दिलेली असेल तर ती बसून घ्यायची. उभ्यानं घेतली तर बीपी उतरून माणूस पडू शकतो. आणि दुकानात गर्दी ओसरल्यावर, आवाज खाली करून जो प्रश्न येतो, त्याचं उत्तर इथेच देतो. दोन जिने दम न लागता चढता येत असतील आणि दीड-दोन महिने झाले असतील, तर नवरा-बायकोच्या संबंधांना सहसा हरकत नसते. छातीवर भार येणार नाही एवढं बघायचं. पण सॉर्बिट्रेट गटातलं औषध चालू असताना ‘ताकदीची’ निळी गोळी घेतली तर बीपी जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. ही गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका, मी देणार नाही.

ज्यांची हृदयाची झडप बदलली आहे त्यांचा मामला थोडा वेगळा. हाडाचे नियम तेच, पण धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि तिची मात्रा बरोबर आहे का हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीनं वरचेवर बघावं लागतं. पालेभाजी सोडायची नाही, रोज साधारण सारखीच खायची. आठवडाभर काहीच नाही आणि मग बाजाराच्या दिवशी मेथीची जुडीभर भाजी, असं केलं की आकडा हलतो. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरला झडपेचं आधी सांगायचं.

जेवणावर लोक उगीच फार बोलतात. पहिले काही आठवडे तोंडाला चव नसते, जखम भरायला मात्र प्रथिनं लागतात. नुसती पेज देऊन माणूस वाळवू नका. डाळ, अंडी, मासा, ताक, भाकरी, सगळं चालतं. कमी करायचं ते मीठ. दिवसभराचं मिळून एक लहान चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, सांडगे, खर्डा सगळं आलं. आणि गोड? बेळगावचा कुंदा कुठे पळून जात नाही. संडासला जोर लावावा लागू नये म्हणून इसबगोल आणि पाणी, मात्र पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मोजूनच. रोज सकाळी वजन करा. एका दिवसात किलोभरापेक्षा जास्त किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, अंगात पाणी साठतंय. दम आणि सूज त्याच्या मागोमाग येते. छातीत फडफड होत असेल, ठोके वेडेवाकडे पडत असतील तर तेही कळवायचं.

तंबाखूबद्दल लिहिताना या भागात हात थोडा अडखळतो. निपाणीकडची कितीतरी घरं तंबाखूच्या पिकावर उभी राहिली. पण बिडी असो की चुना लावून मळलेली चिमूट, निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि नव्या जोडणीचं आयुष्य कमी करतं. हॉस्पिटलमध्ये आठवडाभर ती आपोआप सुटलेली असते. तिथून पुढे तुटलेलीच ठेवणं, पुन्हा सुरू करून सोडण्यापेक्षा सोपं.

दोन गोष्टींची तयारी कुणी करून देत नाही. पहिली, रडू. घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अप्पा जेवताना एकदम हुंदके द्यायला लागले. कारण विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. हे पुष्कळांना होतं. चिडचिड, विचित्र स्वप्नं, पेपरातली एक ओळ तीनदा वाचावी लागणं. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. महिनाभरानंतरही माणूस खाणं-बोलणं टाकून भिंतीकडे बघत असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि खचलेला माणूस गोळ्याही घेत नाही, चालतही नाही.

दुसरी, बघायला येणारे. चंदगडची आत्या, गोव्याचा मामा, भावकी, भजनी मंडळ. प्रत्येकाला ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासून ऐकायची असते आणि प्रत्येकाकडे बायपासनंतर दगावलेल्या कुणाची तरी गोष्ट असतेच. आम्ही ओट्यावर खुर्च्या मांडल्या, चहा तिथेच दिला आणि अप्पांना दहा मिनिटांसाठी बाहेर आणलं. सर्दी-खोकला असलेल्याला फाटकातूनच नमस्कार. आत्या रुसली. दिवाळीला आली.

तपासणीच्या तारखेला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, मराठीतच. कामावर कधी, गाडी कधी, कोणती गोळी किती दिवस. आणि हो, ‘भार’ किती किलोचा, हेही. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतलं आणि इकडे कर्नाटक सरकारची आरोग्य कर्नाटक योजना आहे. कोणत्या योजनेतून ऑपरेशन झालं त्याची कागदपत्रं एका फाइलीत जपून ठेवा, नंतर लागतात. टेबलावरचं काम बहुतेकांना दोन महिन्यांच्या आसपास करता येतं. कुदळ-खोऱ्याच्या कामाला तीन महिन्यांआधी हात घालायचा नाही, तेही डॉक्टरांनी होकार दिल्यावरच.

छातीतल्या तारा काढत नाहीत, त्या जन्मभर तिथेच राहतात. वर्षानं अप्पा बेळगावजवळच्या सांबऱ्याहून विमानानं बेंगळूरला भावाकडे निघाले. आपल्या छातीत पोलाद आहे आणि दारातलं यंत्र वाजणार, हे त्यांनी अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. शर्टाचं वरचं बटणही उघडं, टाके दाखवायला. तसल्या तारांना ती यंत्रं सहसा दाद देत नाहीत. ते आरपार गेले, यंत्र गप्प. पलीकडे उभ्या जवानाला त्यांनी थांबून विचारलं म्हणे, “चालू हाय न्हवं हे?”